तोंडभर पकड : रक्षण-खेळातला कुत्रा नेमके काय शिकतो?



आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून कुत्री पूर्वीही होतीच. पण हल्ली जर्मन शेफर्ड, रॉटवायलर आणि आता बेल्जियन मॅलिनॉय दिसू लागले आहेत. कोजागिरीचे दूध पिताना किंवा वार्षिक सभेनंतरच्या चहाला कुत्री पाळणारे चार जण एकत्र आले की एक प्रश्न हटकून निघतो : "याला अटॅक शिकवणारा कोणी माहीत आहे का हो?" कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो. त्यात कुत्रा धावत जाऊन माणसाच्या हातावरच्या जाड बाहीला लोंबकळतो, आणि पाहणारे म्हणतात, असा पाहिजे.

त्या व्हिडिओत जे दिसते, तो बहुधा एक खेळ असतो. त्याला नियम आहेत, गुण आहेत, परीक्षक आहेत. त्या परीक्षकाचे लक्ष कुत्रा किती खवळला आहे याकडे नसते. तो पाहतो, कुत्र्याने बाही तोंडात कुठपर्यंत घेतली, धरल्यावर तो शांत राहिला का, आणि सांगितल्यावर त्याने सोडली का. या तीन गोष्टी कशा शिकवतात ते समजले, तर आपल्या दारातल्या कुत्र्याला काय शिकवावे आणि काय मुळीच शिकवू नये, हेही बरेचसे कळते. म्हणून हा लेख.

खेळाचे मूळ जर्मनीत आहे. घोडदळात अधिकारी राहिलेल्या माक्स फॉन श्टेफानित्स यांनी 1899 साली जर्मन शेफर्डची संस्था काढली. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून एक कामाची जात घडवावी, हा त्यांचा ध्यास होता. पुढे मेंढ्यांचे काम कमी झाले, पोलीस आणि लष्कराचे वाढले. तेव्हा कोणत्या कुत्र्याची पैदास पुढे चालवायची, हे ठरवायला एक परीक्षा हवी होती. तीच 'शुट्झहुंड', म्हणजे शब्दशः रक्षक कुत्रा. आज आंतरराष्ट्रीय नियमांत तिचे नाव 'आयजीपी' आहे. तिचे तीन भाग : माग काढणे, आज्ञापालन आणि रक्षण. प्रत्येकाला 100 गुण, आणि पास व्हायला प्रत्येकात किमान 70. नुसते चावण्यात पहिला येऊन चालत नाही.

त्याही आधी एक पायरी आहे. 'बीएच' नावाची साधी परीक्षा, किमान वय 15 महिने. त्यात आज्ञापालनाबरोबर रस्त्यावरची वागणूक तपासतात : गर्दी, सायकलवाला, पळत जाणारा माणूस, दुसरा कुत्रा. यात जो बिथरतो, त्याला पुढे प्रवेश नाही. रक्षणाची पहिली श्रेणी 18 महिन्यांनंतर. आधी सभ्यपणाचा दाखला आणि मगच दात, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे नेमका उलटा क्रम चालतो.

आता पकडीबद्दल. मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात. पुढे चार लांब सुळे, आणि मागे दाढा. अडकित्ता हातात घेऊन पाहा. सुपारी टोकाशी धरली तर ती सटकते, पाती वाकडी होतात. तीच सांध्याजवळ सरकवली की सहज कटकन फुटते. जबड्याचेही तसेच आहे. सांध्याजवळ, म्हणजे दाढांपाशी, जोर सर्वात जास्त. टोकाशी जोर कमी आणि ताण मात्र सगळा त्या चार सुळ्यांवर. म्हणून पुढच्या दातांनी धरलेली बाही निसटते, आणि धडपडीत सुळा मोडायची भीती असते. पूर्ण पकड म्हणजे बाही पार दाढांपर्यंत आत गेलेली, जबडा घट्ट मिटलेला, आणि त्यानंतर स्तब्धता. चघळणे नाही, सोडून पुन्हा धरणे नाही, कडेने जागा बदलत जाणे नाही. आयजीपीच्या नियमांत पकड पूर्ण, जोमदार आणि शांत असावी, असे म्हटले आहे. यातला तिसरा शब्द आपल्याकडच्या व्हिडिओप्रेमींच्या नजरेतून नेहमी सुटतो.

अनुभवी माणूस पकडीवरून कुत्र्याचे मन वाचतो. जो पुढच्या दातांनी धरतो, त्याने अर्धे मन मागे ठेवलेले असते. वेळ पडली तर सोडून पळता यावे, एवढी जागा तो राखून असतो. जो सारखा चघळतो, त्याला काहीतरी सलते आहे. समोरच्या माणसाची भीती असेल, किंवा मागून मालकाच्या पट्ट्याचा झटका बसेल ही. ज्याने तोंड भरून धरले आणि डोळे निवळ ठेवले, तो त्या क्षणी निर्धास्त आहे. पकडीचा मोठा भाग रक्तातून येतो, असे या खेळातले जाणकार मानतात. शिकवण्याने ती सावकाश सुधारते आणि चुकीच्या शिकवण्याने झटकन बिघडते.

पिल्लाची सुरुवात आठ-दहा आठवड्यांपासून होऊ शकते, आणि ती अगदी बाळबोध असते. मऊ कापडाची किंवा चामड्याची चिंधी दोरीला बांधायची आणि जमिनीवरून दूर ओढत न्यायची. दूर, हे महत्त्वाचे. सावज कधी शिकाऱ्याच्या तोंडावर चाल करून येत नाही, ते पळते. चिंधी पिल्लाच्या नाकाशी नाचवली की ते एकतर मागे सरते किंवा चिडून टोकानेच पकडते. चिंधी पळाली, की ते झेपावून तोंडभर धरते. धरले की थोडे ताणायचे आणि देऊन टाकायची. पिल्लू जिंकले. दोन-तीन मिनिटांत खेळ संपवायचा, त्याची हौस अजून बाकी असतानाच.

साधारण चार ते सहा महिन्यांच्या काळात दुधाचे दात पडून नवे येतात. तेव्हा हा खेळ थांबवतात. हिरड्या दुखत असताना ताणाताणी केली, तर धरले की दुखते एवढेच पिल्लू शिकते, आणि जन्मभर कडेकडेने धरत राहते. घाई करणाऱ्या मालकांचे पहिले नुकसान इथेच होते.

नवे दात पक्के झाले की चिंधीच्या जागी तागाची भरीव उशी येते. ती पाचरीच्या आकाराची असते, जाड कडेकडून निमुळती होत गेलेली. निमुळती कड तोंडात सहज दाढांपर्यंत जाते, म्हणजे आकारच पकड शिकवतो. कुत्र्याला छातीच्या पट्ट्याने, म्हणजे हार्नेसने, खांबाला बांधतात. गळ्याला आवळ पडू नये हा त्यातला हेतू. समोरचा माणूस, ज्याला या खेळात हेल्पर म्हणतात, उशी घेऊन आडवा पळतो आणि योग्य क्षणी ती कुत्र्याच्या छातीच्या उंचीला सरळ, आडवी धरतो. कुत्रा झेपावतो आणि पकडतो.

खरी कला यापुढे आहे. हेल्पर उशी एकसारखी, हलक्या ताणाने धरून ठेवतो. हिसके देत नाही. ताण जाणवला की कुत्र्याला वाटते, सावज निसटते आहे. चांगला कुत्रा त्या क्षणी उशी आणखी आत ढकलतो, जणू घास तोंडात पुढे सारतो. त्याने असे आत रेटताच हेल्परने हार मानायची : ताण सैल, उशी कुत्र्याची. हे शंभर वेळा झाले की कुत्र्याच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसतो, की आत रेटले की समोरचा हरतो. उलट, कुत्र्याने टोकाने धरले असताना हेल्परने जोरजोरात झटापट केली, तर कुत्रा टोकानेच आणखी आवळून धरायला शिकतो. बाहेरून पाहणाऱ्याला ती झटापट फार रंगतदार वाटते, पण ती कुत्र्याला बिघडवत असते.

जिंकलेली उशी लगेच हिसकावून घेत नाहीत. मालक कुत्र्याला घेऊन गोल फिरतो, कुत्रा ती तोंडात मिरवतो. मग थांबून, छातीवरून सावकाश हात फिरवत, त्याला शांतपणे धरून ठेवू देतात. धरून ठेवण्यात सुख आहे आणि मालक जवळ आला म्हणजे चोरी होत नाही, हे कळल्यावर चघळणे आपोआप कमी होते. ही दोन-चार शांत मिनिटे व्हिडिओत कधीच नसतात. शिकवण्याचा अर्धा भाग त्यांतच असतो.

यावरून लक्षात येईल, की हेल्पर हा शत्रूचे सोंग घेतलेला शिक्षक आहे. आखाड्यातला वस्ताद नव्या पोराशी कुस्ती धरतो, तेव्हा मनात आणले तर त्याला एका क्षणात चीत करील. पण तो नेमक्या डावाला पडतो, म्हणजे पोराला तो डाव कळतो. हेल्परचे काम तेच, फक्त समोर तीस-चाळीस किलोचे जनावर असते आणि चुकीची किंमत हाताला मोजावी लागते. म्हणून कुत्र्यापेक्षा हेल्पर आधी निवडावा, असे माझे मत आहे.

कुत्रा पकडतो त्यामागे दोन वेगळ्या प्रेरणा असतात. एक सावजाची ओढ, जी खेळकर असते. दुसरी बचावाची. समोरचा माणूस रोखून पाहतो, सरळ अंगावर येतो, तेव्हा ती जागी होते. तिच्यात भीतीचा अंश असतो. रक्षण-खेळात पुढे कुत्र्याला थोडा धाक दाखवावा लागतो. परीक्षेतही हेल्पर त्याच्यावर चालून जातो आणि मऊ आवरणाच्या काठीने त्याच्यावर दडपण आणतो. पण हे सगळे कुत्रा अंगाने आणि मनाने मोठा झाल्यावर, चिमूट-चिमूट, आणि प्रत्येक वेळी तो जिंकेल अशा बेताने करतात. कोवळ्या कुत्र्याला धाक घातला, तर तो भीतीने चावायला शिकतो. भीतीने चावणारा कुत्रा कुणालाही चावतो.

आता, चावायचे कुठे? आयजीपीत उत्तर एकच : हेल्परच्या हातावरची बाही. पिल्लांसाठी ती मऊ, मोठ्यांसाठी आत कडक कवच असलेली, वर तागाचे आवरण. बाही सोडून दुसरीकडे कुठेही चावला, तर कुत्रा बाद. फ्रान्स, बेल्जियम आणि हॉलंडमध्ये अशाच चढाओढींचे वेगळे प्रकार आहेत. तिथे हेल्पर अंगभर जाड पोशाख घालतो. फ्रेंच रिंगमध्ये तो कुत्र्याला हुलकावण्या देतो, ऐन वेळी बाजूला सरतो, आणि कुत्रे बहुधा पायाला धरतात. हॉलंडची पोलीस-कुत्र्यांची जुनी संघटना 1907 पासूनची आहे, तिच्या परीक्षाही अशाच पोशाखावर होतात.

पोशाखावर शिकवताना हेल्पर एका वेळी एकच जागा पुढे करतो, समजा दंड किंवा मांडीची मागची बाजू, आणि बाकीचे अंग वळवून झाकतो. ती जागा कुत्र्याच्या डोक्यात ठसली की मगच अंतर आणि वेग वाढवतात. याचे कारण साधे आहे. लांबून भरधाव येणाऱ्या कुत्र्याला कुठे धरायचे ते माहीत नसेल, तर तो शेवटच्या क्षणी अडखळतो आणि छाताडावर आदळतो. त्याची मान दुखावते, हेल्परही पडतो. माहीत असले, तरी हेल्परने त्याला झेलावे लागते. क्रिकेटमध्ये जोराचा चेंडू घेताना आपण हात मागे नेतो, तसा तो कुत्र्याच्या वेगाबरोबर अंग वळवतो. जो हेल्पर खांबासारखा उभा राहतो, त्याच्याकडे आपला कुत्रा देऊ नये.

काही जण विचारतील, खऱ्या चोराच्या हातात बाही कुठे असते? प्रश्न रास्त आहे. नुसता बाहीवर वाढलेला कुत्रा बाहीला खेळणे समजतो, बाही काढून टाकली की माणसाकडे ढुंकूनही पाहत नाही, अशी उदाहरणे या खेळात नेहमीची आहेत. पोलिसांचे कुत्रे म्हणूनच लपवलेल्या बाहीवर आणि इतर रीतींनी पुढे तयार करतात. पण घरातल्या कुत्र्याच्या बाबतीत हा दोष मला दोष वाटतच नाही. बाहीला खेळणे समजणारा कुत्रा आपल्या नातवाला सावज समजत नाही, यात आपले काय बिघडले?

सोडणे हा सगळ्यात अवघड धडा. जर्मन आज्ञा 'आउस'. एकदा सांगितले की सोडायचे. नाही सोडले, तर गुण कापून आणखी दोनदा सांगता येते. तरीही धरून राहिला, तर बाद, मग आधीची पकड कितीही सुंदर असो. शिकवतानाची युक्ती अशी : हेल्पर उशी अंगाशी घट्ट धरून निश्चल उभा राहतो. सावज मेले, ओढाताण संपली. काही क्षणांत कुत्र्याला कंटाळा येतो, त्याचा जबडा सैल पडतो. नेमक्या त्या वेळी आज्ञा, आणि सोडताच लगेच पुन्हा पकडायची संधी. म्हणजे सोडणे हा खेळाचा शेवट उरत नाही, ते पुढच्या पकडीचे दार होते. याउलट काही जण कुत्रा धरून असतानाच गळ्याला झटके देतात. कुत्रा सोडतो खरा, पण पुढच्या वेळी धरतानाच झटक्याची वाट पाहू लागतो. पकड उथळ होते, चघळणे सुरू होते. सोडायला वाईट शिकवले, की धरणेही बिघडते.

परीक्षेत याच्याच जोडीचा एक प्रसंग आहे. हेल्पर मैदानात एका आडोशामागे लपून असतो. कुत्रा त्याला हुडकतो. हेल्पर स्तब्ध उभा असेल, तर कुत्र्याने त्याला स्पर्शही करायचा नाही, समोर बसून किंवा उभे राहून भुंकत राहायचे. हेल्पर पळाला किंवा चालून आला तरच पकड. शांत उभ्या माणसाला दात लावायचे नाहीत, हा या खेळाचा कणा आहे.

आता आपल्या गल्लीतले 'अटॅक ट्रेनिंग' याच्याशेजारी ठेवून पाहा. कुत्रा साखळीने गेटला बांधतात. एक अनोळखी पोरगा गोणपाट घेऊन येतो, त्याच्या तोंडावर ते फटकारतो, ओरडतो, काठी आपटतो. कुत्रा मागे सरायला जागा नाही म्हणून पुढे येऊन चावतो. आठ दिवसांत तो गेटवर येणाऱ्या प्रत्येकावर दात काढू लागतो, आणि मालक खूश होऊन पैसे देतो. इथे कुत्रा तोंड भरून धरायला शिकलेला नाही. घाबरून ओरबाडायला शिकला आहे. सोडायला तर कुणी शिकवलेच नाही. आणि आपल्या घरी माणसांचा राबता केवढा! सकाळी कामाच्या बाई, दूधवाला, सिलिंडरवाला. हळदीकुंकवाला वीस-पंचवीस बायका, त्यांची पोरे. गणपतीत आरतीला सगळा शेजार दारात, वर झांजा आणि ढोल. अशा घरात भीतीने चावणारा कुत्रा म्हणजे रोजचा धोका.

कायदाही हे जाणतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये याची पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आणि कुणाला दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब दवाखाना गाठायचा. कुत्रा घरचा आहे, लस दिलेली आहे, म्हणून थांबायचे नाही.

ग्वाल्हेरकरांना एक गोष्ट जवळची म्हणून सांगतो. झाशी रस्त्यावरच्या टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र 1970 पासून आहे. तिथे कुत्र्याबरोबर त्याचा हँडलरही शिकतो, दोघांची जोडी एकत्र तयार होते. आपल्याकडे मात्र कुत्रा 'ट्रेनरकडे' महिनाभर ठेवायचा आणि शिकवलेला परत आणायचा, अशी कल्पना असते, जणू पिठाची गिरणी आहे. आज्ञा पाळायची सवय माणसागणिक जडते. ती दुसऱ्याच्या हातून तयार करून घरी आणता येत नाही.

घरात तरुण, सशक्त माणूस असेल, आठवड्यातून तीन-चार दिवस मैदानावर जायची तयारी असेल, आणि शहाणा हेल्पर मिळत असेल, तर रक्षण-खेळ जरूर करावा. मॅलिनॉयसारख्या जातीला असे काहीतरी काम लागतेच. बाकीच्यांनी कुत्र्याला दारात भुंकायला आणि 'बस' म्हटल्यावर गप्प व्हायला शिकवले, तर बंगल्याचे रक्षण पुष्कळ झाले. भुंकणारा मोठा कुत्रा ज्या घरी आहे, तिथे चोर सहसा वाट वाकडी करत नाही.

आणि ताणाताणीचा खेळ मात्र घरोघरी खेळता येतो. त्यासाठी जुन्या गोणपाटाची घट्ट गुंडाळी पुरे. ती वेगळी ठेवायची, खेळापुरतीच काढायची. आपण 'घे' म्हटल्याशिवाय धरायचे नाही, आणि 'सोड' म्हटले की सोडायचे. सोडले, की लगेच पुन्हा 'घे'. दात चुकून हाताला लागला, तर न ओरडता गुंडाळी उचलून ठेवायची, आजचा खेळ संपला. लहान मुलांनी हा खेळ मोठ्यांशिवाय खेळायचा नाही. आपल्याकडच्या मे-जूनमध्ये तर तो पहाटेच, तोही पाच मिनिटे. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, आणि तोंडात गुंडाळी भरलेली असली की त्याला नीट धाप टाकता येत नाही. जीभ लांब बाहेर लोंबू लागली की गुंडाळी काढून घ्या, सावलीत बसवा आणि पाणी ठेवा.